वीस जणांची यादी : लातूर मुलाखत प्रकल्पाच्या नोंदी

२८ डिसेंबर २०२४, शनिवार

वाचनालयाच्या कार्यकारिणीनं आज यादी दिली. वीस नावं. 'वाढतं लातूर : संस्कृती आणि समाज' या विषयावर स्थानिक नेतृत्वाशी बोलायचं, प्रत्येकाचं तासभर रेकॉर्डिंग करायचं आणि गुढीपाडव्याला वाचनालयाच्या लांब भिंतीवर त्यातलं निवडक लावायचं, एवढं काम. खर्चाला अठरा हजार. त्यातच रेकॉर्डर, फलकांची छपाई, ऑटोचं भाडं आणि चहा.

यादी वाचली. वीसात सतरा पुरुष. चौदा जणांच्या नावापुढं 'माजी'. यात कार्यकारिणीचा दोष नाही. महापालिकेची मुदत मे २०२२ मध्ये संपली, तेव्हापासून प्रशासक आहे. आपल्याकडं 'आजी-माजी' म्हणायची पद्धत, पण सध्या आजी कुणीच नाही. माजी आहेत आणि भावी आहेत. भावींचे बॅनर शिवाजी चौकापासून पाच नंबर चौकापर्यंत लागलेत.

आम्ही तिघं. मी अर्धवेळ ग्रंथपाल. दुसरे गुरुजी, निवृत्त, गावातल्या कुठल्याही घराची सोयरीक तोंडपाठ. तिसरी बी.ए. करणारी मुलगी. पाच वर्षांपूर्वी हिंगोली जिल्ह्यातून नीटच्या क्लाससाठी आली, दोनदा परीक्षा दिली, मग तो नाद सोडून इथंच कॉलेजला लागली. वाचनालयात तिला सगळे 'हिंगोलीवाली' म्हणतात. टायपिंग तिचं, फोन माझे, ओळखी गुरुजींच्या.

३० डिसेंबर, सोमवार

आज फोन करून वेळा ठरवायच्या होत्या. येळवस आहे हे मी लातूरचा असून विसरलो, यावर गुरुजी दिवसभर बोलून घेणार.

कागदावर 'दर्श वेळ अमावस्या' असते, तोंडात 'येळवस'. सकाळी नऊ वाजता गूळ मार्केटचा चौक असा मोकळा की मधोमध सतरंजी टाकून झोपावं. शटर खाली, ऑटो नाहीत. पोरंबाळं, म्हाताऱ्या, टोपल्या आणि आंबिलाची मडकी घेऊन अख्खं गाव रानात गेलेलं. गुरुजींनी आम्हा दोघांना औसा रोडच्या पुढं त्यांच्या पुतण्याच्या शेतावर नेलं. कडब्याची कोप म्हणजे खोपटं, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पांडव. त्यांची पूजा झाली, मग एकानं पिकाच्या कडेनं आंबील शिंपडत फेरी मारली. जेवायला भज्जी. बाहेरगावच्या माणसाला हा शब्द ऐकून कांद्याची भजी आठवतात. ही ओल्या तुरीच्या, हरभऱ्याच्या, वाटाण्याच्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची, बेसन लावून शिजवलेली घट्ट भाजी. सोबत बाजरीचे उंडे, गव्हाची खीर.

यादीतले तीन जण त्याच बांधावर भेटले. एक माजी सभापती मांडी घालून बसलेले, हातात आंबिलाचा पेला. मी विषय सांगितला तर म्हणाले, "शहराची संस्कृती विचारूलालाव ना? मग शहरात कशाला हुडकूलालाव? ती आज सगळी रानात आलीय."

वाक्य चांगलं होतं, रेकॉर्डर घरी होता.

हिंगोलीवालीनं विचारलं, "ज्यांना रान नाही ते कुठं जातात?"

"ज्याला रान नाही त्याला बोलावणं असतंय की."

"आणि ज्याला बोलावणं नाही त्याला?"

सभापती हसले. गुरुजींनी तिच्या पानात आणखी भज्जी वाढली. परत येताना तिनं सांगितलं की लातूरमध्ये पाच वर्षं काढली आणि येळवसाला रानात आजच पहिल्यांदा आली. त्याआधी हॉस्टेलवर. मेसला सुट्टी असायची, सगळ्या मुली आदल्या दिवशी बिस्किटं आणून ठेवायच्या.

प्रश्नावलीत एक प्रश्न वाढवला : येळवसाला तुम्ही कुणाकुणाला बोलावता?

४ जानेवारी २०२५, शनिवार

पहिली मुलाखत. जुन्या गावातले माजी नगरसेवक. आम्ही येणार म्हणून जाकीट घालून बसलेले, मागं सत्काराच्या ट्रॉफ्या. रेकॉर्डिंग बावन्न मिनिटं. गंगा-जमनी तहजीब, सर्वधर्मसमभाव, लातूर पॅटर्न, सगळं क्रमानं आलं. हिंगोलीवालीनं रात्री टाइप करून मोजलं : 'संस्कृती' हा शब्द एकतीस वेळा, गल्लीचं नाव एकदाही नाही.

रेकॉर्डर बंद केला, चहा आला आणि माणूस मोकळा झाला. "हे असलं कशाला विचारता राव, पाण्याचं विचारा की. २०१६ चं." मी पुन्हा बटण दाबलं.

त्या वर्षी मांजरा धरण कोरडं पडलेलं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं होऊ नयेत म्हणून १४४ कलम लावलं. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर. देशभरातून टीव्हीवाले आले. नगरसेवक सांगत होते की स्टेशनवर किती गर्दी होती, कुणी इंजिनाला हार घातला. मी विचारलं, तुमच्या वॉर्डात टँकर कुणाला किती, हे कोण ठरवायचं?

"मीच. यादी होती ना. एकालाही कमी-जास्त नाही."

यादी कुठं आहे? "असंल की कार्यालयात." कार्यालयात नाही. तिथं आता मोबाइलचं दुकान आहे.

११ जानेवारी, शनिवार

गंजगोलाई. अर्धा दिवस दिला.

मूळची इमारत १९१७ ची, नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यातली. मधोमध अंबाबाईचं देऊळ आणि गोल बाजारपेठेला येऊन मिळणारे सोळा रस्ते. हे गाव निजामाच्या राज्यातलं, तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात. स्वतःचा जिल्हा मिळायला १९८२ उजाडलं. सोळाही रस्त्यांना धंद्याची ओळख आहे : सराफ लाईन, कापड लाईन. पत्ता सांगताना अजून कुणी रस्त्याचं खरं नाव घेत नाही.

यादीतले सातवे, किराणा-भुसारचे जुने व्यापारी, सगळे आप्पा म्हणतात. गादीवर बसूनच बोलले. मध्येच गिऱ्हाईक आलं की थांबायचे, बोरसुरीच्या तूरडाळीचा भाव सांगायचे आणि तुटलेलं वाक्य जिथल्या तिथं जोडायचे. ही कला मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. त्यांचं म्हणणं असं की गोलाईत आता धंदा आहे, वस्ती नाही. "आधी दुकान खाली, घर वर. आता दुकान इथं, घर औसा रोडला. रात्री नऊनंतर गोलाईत मी कुत्र्यांना ओळखतो, माणसांना नाही."

येळवसाला त्यांच्याकडं नव्वद पानं असतात. कोण कोण? आडते, बँकेचे साहेब, मुलाचे मित्र, वकील, डॉक्टर. दुकानातले हमाल? "ते तर असतातच. ते आदल्या दिवशीपासून असतात, कोप कोण घालणार?"

दुपारी मार्केट यार्डात हमालांच्या मुकादमाकडं. हे यादीत नाहीत, गुरुजींनी सुचवलं. सौदा निघून गेलेला, सोयाबीनच्या कट्ट्यांची थप्पी लागलेली, त्याच थप्पीला टेकून बोललो. त्यांचा बाप क्विंटलचं पोतं उचलायचा, हे पन्नास किलोचा कट्टा उचलतात, मुलगा खाडगाव रोडला झेरॉक्सचं दुकान चालवतो. मी विचारलं, तुमच्या टोळीत नेता कोण? म्हणाले, "नेता न्हाई, हिशोबवाला असतोय. ज्याच्यापाशी वही, त्याचं ऐकायचं."

हे वाक्य मी वहीत दोनदा लिहून घेतलं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. मुलाखत नाही. आमच्या सौभाग्यवती हळदीकुंकवाला चार घरी जाऊन आल्या आणि कार्यकारिणीच्या यादीत नसलेल्या तीन बायकांची नावं घेऊन आल्या. आम्ही दोन आठवड्यांत एक मिळवलं होतं.

२२ जानेवारी, बुधवार

पटेल चौक. सुरतशहावली दर्ग्यापासून जवळ राहणारे चाचा, यादीत अकरावे. शिवणकाम करायचे, आता डोळे साथ देत नाहीत, पण गल्लीतलं भांडण मिटवायला अजून त्यांनाच बोलावतात. एक तास वीस मिनिटं बोलले. अप्रतिम. उरुसाच्या वेळी कुठल्या घरांतून चादर यायची, १९९२ च्या डिसेंबरात गल्लीच्या तोंडाला रात्रभर कोण कोण खुर्च्या टाकून बसलं होतं, गणपतीची मिरवणूक जाताना सरबत कोण करायचं आणि ते कोणत्या वर्षी बंद पडलं.

वाचनालयात येऊन बघतो तर रेकॉर्डरची मेमरी भरलेली. शेवटची चाळीस मिनिटं गेली. नवीन कार्ड खिशातच होतं. यावर जास्त लिहीत नाही.

जे राहिलं त्यात एक गोष्ट मात्र सापडली. २०१६ चा विषय निघाला तेव्हा मी म्हणालो, यादी नगरसेवकांकडं होती म्हणे. चाचा आधी खोकले, मग हसले. "उनों फोन करते थे मियाँ. लिस्ट तो मौसी के पास रहती थी."

कोण मौसी? दोन गल्ल्या सोडून. अंगणवाडीत मदतनीस होती.

२ फेब्रुवारी, रविवार

आजची नोंद लांबणार.

मावशींचं घर दोन खोल्यांचं. दाराशी तीन निळे ड्रम, एकावर पाट, पाटावर तुळशीचं डबडं. वय साठीच्या पुढं. आम्ही पाण्याच्या यादीबद्दल विचारायला आलोय म्हटल्यावर त्यांना आधी वाटलं, कुणीतरी तक्रार केलीय. नऊ वर्षांनी! गुरुजींनी त्यांच्या माहेरचं गाव विचारलं, आपल्या आत्याचं गाव सांगितलं, मग कुठं बसायला चटई आली.

ज्वारीच्या कोठीवरच्या पत्र्याच्या डब्यातून त्यांनी वही काढली. दोनशे पानी लाँगबुक. पुठ्ठ्यावरचं चित्र पाण्यानं धुऊन गेलेलं, कडा फुगून वाळलेल्या. अंगणवाडीच्या रजिस्टरसारखेच रकाने, पट्टीनं आखलेले : अ.क्र., घर, माणसं, ड्रम, सही. एक्केचाळीस घरं. पहिली नोंद मार्च २०१६ ची. निळी शाई, मधे पाच-सहा पानं शिसपेन्सिल, मग पुन्हा निळी शाई. सहीच्या रकान्यात अंगठे बरेच, काहींना हळद लागलेली, पोळ्या लाटता लाटता उठून आलेल्या बायांचे.

वेळा लिहिल्यात. 'रात्री २.४०. टँकर आला. उठवलं.' 'पहाटे ४. अर्धाच भरून आला.' 'आला नाही.' 'आला नाही.' 'आला नाही.' बाजूच्या समासात बारीक अक्षरात कारणं : 'बाळंतीण, २ घागरी जास्त.' 'लग्न पुढं ढकललं, वाढीव ड्रम रद्द.' 'म्हातारी वारली, दिवसाला १ ड्रम, सगळ्यांनी मिळून.'

यादी करावी असं कुणी सांगितलं, मी विचारलं.

"सांगायला कोण बसलंय. हुकूम निघाला, पाण्यापाशी पाचाच्या वर उभं राहायचं न्हाई. एक्केचाळीस घरं हायत. पाच-पाचानं भरायचं तर आधी कोण, मग कोण? मग नंबर पाडले. नंबर पाडले की वही आलीच."

म्हणजे १४४ कलमाचा तो कागद कलेक्टर कचेरीतून निघाला आणि पटेल चौकाच्या मागच्या गल्लीत त्याची लाँगबुक झाली. हे मी कुठल्याच बातमीत वाचलं नव्हतं.

पण खरं कारण त्याच्याही मागचं निघालं. मावशी किल्लारीच्या बाजूच्या. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट, चारच्या सुमाराला भूकंप. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, बावन्न गावं जमीनदोस्त. मावशींचे सासू-सासरे आणि एक दीर गेला. पुढचे काही महिने पत्र्याच्या शेडमध्ये. त्या दिवसांबद्दल त्या रडल्या नाहीत, चिडल्या. "ट्रक यायचे माय, मुंबईचे, पुण्याचे, कुठले कुठले. कपडे, भांडी, कांबळी. वरून फेकायचे. ज्याचा हात लांब त्याला तीन कांबळी. माझी जाऊ नवरा गमावून बसलेली, ती उठून पळंल का ट्रकामागं? यादी नव्हती. यादी असती तर तिला बी एक मिळालं असतं." दोन वर्षांनी नवरा-बायको लातूरला आले, अंगणवाडीत काम मिळालं आणि रजिस्टर आखायला शिकल्या.

हिंगोलीवाली पानं उलटत होती. एकदम थांबली. अ.क्र. ३८ : 'रूमवरची पोरं (नांदेड), माणसं ३, ड्रम अर्धा.' त्यावर आडवी रेघ, पुढं 'गावाकडं गेले', तारीख. जूनमध्ये पुन्हा तेच नाव : 'पोरं परत आली. २.' तिसरा आला नसावा.

"पोरांची नावं नाही लिहिली?" तिनं विचारलं.

"ती कुठं सांगायची नावं. नांदेडवाले, परभणीवाले, असंच म्हणायचो." मग हिच्याकडं बघून, "तू कुठली गं?"

"हिंगोलीची."

"बघ."

आणखी एक नोंद सांगायचा मोह आवरत नाही. अ.क्र. ५ : 'नगरसेवक, माणसं ९, ड्रम २.' मे महिन्यातल्या एका पानावर समासात, 'पाहुणे आले म्हणून १ जास्त नेला. परत दिला नाही.' खाली दोन रेघा, जोरात ओढलेल्या, कागद फाटेपर्यंत.

९ फेब्रुवारी, रविवार

कार्यकारिणीची बैठक. प्रश्न आला : यादीबाहेरची माणसं कशाला घेतलीत? नेतृत्व हा विषय आहे. मी म्हणालो, नेतृत्वच घेतलंय. एक सदस्य म्हणाले, अशानं प्रत्येक गल्लीतली एक मावशी घ्यावी लागेल. मी म्हणालो, घेऊ की. अठरा हजारांत बसत असेल तर घ्या, असं उत्तर आलं. बसवायला लागेल.

मूळ वीसांपैकी सहा जण वेळच देत नाहीत, त्यांच्या जागी सहा नवीन टाकायची मंजुरी घेतली. प्रश्नही बदलले. 'संस्कृती' हा शब्द प्रश्नावलीतून काढून टाकला. आता विचारतो : तुमच्याकडं कुठली वही आहे?

१६ फेब्रुवारी, रविवार

ट्यूशन एरिया, खाडगाव रोड. लातूरबाहेरच्या वाचकाला सांगायचं तर लातूर पॅटर्नचा मूळ अर्थ बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावं लागणं. ती यादी बंद झाली, पॅटर्न राहिला आणि आता नीट-जेईईच्या क्लासेसभोवती दुसरं गावच उभं राहिलंय. रस्त्याला सायकली, पोळी-भाजी केंद्रं, वह्यांची दुकानं आणि टॉपर मुलांचे फोटो असलेले तीन मजली फलक. त्यांच्यापुढं भावी नगरसेवकांचे बॅनर अगदीच किरकोळ दिसतात.

यादीतले नववे, एका हॉस्टेलचे मालक. वीस मिनिटांत उरकलं. "विद्यार्थी म्हणजे लातूरची अर्थव्यवस्था." बरोबर आहे. पण अर्थव्यवस्थेला येळवसाचं बोलावणं जात नाही.

मग मेसवाल्या भाभी. मूळच्या अहमदपूरकडच्या, नवरा ऑटो चालवतो. चौसष्ट डबे. त्यांची वही दुरेघी, प्रत्येक पोराचं एक पान, रोजची टिक. टिकेशेजारी खुणा आहेत. त्रिकोण म्हणजे ताप, गोल म्हणजे घरून फोन आला, फुली म्हणजे जेवला नाही. लागोपाठ तीन फुल्या पडल्या की भाभी खोलीवर जातात. "क्लासवाले मार्क बघतात, मालक भाडं बघतो. पोरगं जेवलं का न्हाई ते मला कळतंय." दरवर्षी अशा एक-दोन पोरांच्या आईबापाला त्यांनी स्वतः फोन करून बोलावून घेतलंय. एकदा पहाटे दीडला.

हिंगोलीवालीचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये इथं नीट येत नाही. ती याच गल्लीत राहायची, दुसऱ्या मेसला. ती मागं जाऊन उभी राहिली होती.

या चौसष्ट जणांत बहुतेकांचं वय अठराच्या आत. उरलेल्यांची नावं गावाकडच्या मतदार यादीत. त्यांच्यासाठी बोलायला कुठला माजी किंवा भावी उभा राहील, याचा विचार केला तर भाभींशिवाय कुणी सुचत नाही.

परत येताना तिघांनी गाड्यावर निलंगा राईस खाल्ला. खर्चात चहा म्हणून दाखवला.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र, सिद्धेश्वराची यात्रा सुरू. गर्दीत दोन मुलाखती ठरल्या होत्या, एकही धड झाली नाही. पाळण्यांचा आवाज इतका की रेकॉर्डिंगमध्ये फक्त भोंगे. एका मंडळाच्या अध्यक्षांनी वर्गणीची वही दाखवायचं कबूल केलं आणि दुसऱ्या मिनिटाला फिरवलं. का, ते विचारलं नाही.

८ मार्च, शनिवार

चाचांची राहिलेली मुलाखत पुन्हा केली. रमजान चालू, म्हणून रोजा सोडल्यानंतर गेलो. त्यांनी आधी आम्हाला खजूर दिले, मग बोलले. पहिल्यासारखं जमलं नाही. गोष्टी त्याच, पण त्यांना आता माहीत होतं की आम्हाला काय आवडलं होतं. गेलेली चाळीस मिनिटं गेलीच.

कार्यकारिणीला मावशींची कल्पना अचानक आवडली आहे. महिला दिनाला शाल-श्रीफळ द्यायचं ठरलं होतं. मी आणि गुरुजी निरोप घेऊन गेलो. मावशी म्हणाल्या, "शाल नको. कांबळी फेकणारे बी असंच फोटो काढायचे." गुरुजींनी तो निरोप 'तब्येत बरी नाही' असा पोचवला.

१६ मार्च, रविवार

वहीचं काय करायचं, हा पेच. मला ती सगळी हवी होती. मधल्या पानांचे मोठे फोटो, नगरसेवकांचं पान तर सगळ्यात मोठं, भिंतीच्या मधोमध. खरं सांगायचं तर त्या जास्तीच्या ड्रमाच्या नोंदीवर माझा जीव जडला होता.

मावशींनी एकेक पान बघितलं आणि बोट ठेवत गेल्या. हे नको, तो माणूस आता नाही. हे नको, तिचा नवरा तेव्हा प्यायचा, आता सोडलीय. हे नको, यांच्या पोराचं लग्न ठरायलालंय. आणि नगरसेवकांचं?

"ते बी नको."

मी म्हणालो, मावशी, लोकांना कळायला पाहिजे की.

"ज्यांना कळायचं ते एक्केचाळीस घरांना तवाच कळलंय. ड्रम परत दिला न्हाई, पण पावसाळ्यात बोअर त्यांनीच मारून दिला. ते मी लिवलं न्हाई, कारण ती पाण्याची वही हाय, बोअरची न्हाई. निम्मंच लावणार तुम्ही."

मी घरी आलो, पुन्हा सगळं टाइप केलेलं वाचलं. बोअरचा उल्लेख नगरसेवकांच्या बावन्न मिनिटांत कुठंही नव्हता. त्यांनाही तो सांगावासा वाटला नव्हता, संस्कृती सांगण्यात राहून गेला.

ठरलं असं : वहीचा पुठ्ठा, आखलेलं पण कोरं राहिलेलं शेवटचं पान, आणि समासातल्या तीन नोंदी नावाशिवाय. 'आला नाही' असं सलग तीन ओळी लिहिलेलं पानही, कारण त्यात कुणाचीच बदनामी नाही. टँकरची असली तर असू दे. भाभींनीही खुणांचा तक्ता दिला, पानं दिली नाहीत.

२९ मार्च, शनिवार

फलक आले. एकावर 'गंजगोलाई' चं 'गजगोलाई' झालंय. छापखान्यानं दुरुस्तीला पैसे मागितले. हिंगोलीवालीनं काळ्या मार्करनं अनुस्वार दिला, लांबून कळत नाही. शिल्लक : दोनशे दहा रुपये.

३० मार्च, रविवार

पाडवा. सकाळी दहाला भिंत उघडली. संध्याकाळी चंद्र दिसला तर उद्या ईद, त्यामुळं चाचा दुपारीच येऊन गेले. स्वतःचा फोटो असलेल्या फलकापुढं उभे राहिले, बराच वेळ डोळे बारीक केले आणि शेवटी नातवाला म्हणाले, पढ. नातवानं मराठीतनं वाचून दाखवलं.

आप्पा आले, हमालांचे मुकादम आले, दोघं सोयाबीनच्या भावावर बोलत बाहेर पडले. नगरसेवक आले तेव्हा माझ्या पोटात गोळा. ते वहीच्या कोऱ्या पानापुढं थांबले. "ही मावशीची का?" म्हणाले. मग माझ्याकडं न बघता, "लई कडक बाई. मलाबी लायनीत उभं केलं होतं."

अभिप्राय वही दाराशी ठेवलेली. 'स्तुत्य उपक्रम.' 'खूप छान माहिती.' 'लातूरकर म्हणून अभिमान वाटला.' हिंगोलीवालीच्या दोन मैत्रिणींनी लिहिलं, 'मेसची खरी गोष्ट', आणि खाली क्लासचं नाव लिहून खोडलं.

मावशी पाचच्या सुमाराला आल्या, सोबत सून आणि दोन नातवंडं. स्वतःच्या फलकापाशी फार रेंगाळल्या नाहीत. आधी वही मागितली. मी कपाटातून काढून दिली, त्यांनी तिथंच टेबलावर पानं मोजली, ओठ हलवत, सगळी. भरली. मग ती पिशवीत घातली. आज त्यांच्या गल्लीत नळाचा वार होता, घाई होती.

जाताना मी अभिप्राय वही पुढं केली. त्यांनी आमचं कोरं पान बघितलं, रकाने नव्हते म्हणून थोड्या थांबल्या, टेबलावरची पट्टी उचलून दोन उभ्या रेघा मारल्या आणि लिहिलं :

'घर १. माणसं ४.'